बोटाने केलेली सही: चित्र जपलं, हात हरवला

तळोजा एमआयडीसीत माल उतरला की पीओडी लागतो, म्हणजे माल मिळाल्याची सही. ट्रान्सपोर्टवाल्याचं उरलेलं भाडं बहुतेक वेळा त्यावरच सुटतं. कुठे अजून चलानावर सही-शिक्का होतो, कुठे ड्रायव्हर मोबाइल पुढे धरतो आणि स्टोअरवाला बोटाने सही करतो. महिन्याभराने स्टोअरवाला म्हणाला, "ही माझी सही नाही", तर? माझी तक्रार अशी की या प्रश्नाला अॅप बनवणारेही बगल देतात आणि आपण संशोधकही.

आधी अॅप बघू. वेबपेजवरच्या कॅनव्हासवर बोट फिरलं की ब्राउझर एकामागून एक बिंदू देतो: जागा आणि वेळ. 'सिग्नेचर पॅड' ही लायब्ररी ते बिंदू बेझिए वक्रांनी जोडते आणि हात वेगात असेल तिथे रेघ बारीक करते. सही शाईची वाटते. मग बरेच जण तिची पीएनजी करून सर्व्हरवर पाठवतात. खरी गोम इथे आहे. कुठली रेघ आधी, बोट कुठे रेंगाळलं, कुठे उचललं, सगळं गेलं. उरलं ते चित्र, आणि चित्र कुणीही दुसऱ्या चलानावर चिकटवू शकतं. बिंदू जपायची सोय त्याच लायब्ररीत आहे, पण ती वापरायचं मनावर घ्यावं लागतं.

आता संशोधन. एसव्हीसी २००४ या स्पर्धेचा डेटा आजही वापरला जातो. त्यातल्या सह्या वॅकॉमच्या टॅबलेटवर पेनने केलेल्या आहेत, आणि गोपनीयतेसाठी लोकांना खरी सही न करता नवी बनवून सराव करायला सांगितलं होतं. म्हणजे पेन वेगळं, सहीही रोजची नाही. अशा डेटावरची अचूकता गोदामाच्या दारातल्या बोटाला कशी लावायची? २०१७ च्या ई-बायोसाइन अभ्यासात पेन आणि बोट दोन्ही तपासले. बोटाच्या सहीची ओळख पटवणं जास्त अवघड गेलं. कारण समजण्यासारखं आहे. वॅकॉमचं पेन किंचित उचललेलं असतानाही त्याचा मार्ग कळतो, बोटाचा कळत नाही. देवनागरी सहीत अक्षरं झाल्यावर हात उचलून शिरोरेघ ओढणारे कितीतरी जण आहेत. तो हवेतला प्रवास मोबाइलला दिसतच नाही.

आणखी एक सापळा. दाब मोजता न येणाऱ्या स्क्रीनवर, स्पर्श चालू असताना, ब्राउझरने दाब ०.५ सांगावा असं पॉइंटर इव्हेंट्सचं मानक म्हणतं. दाबाचा कॉलम भरलेला दिसतो, पण मोजलेलं काहीच नसतं.

कायद्याचंही बघा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ५ सरकारने ठरवलेल्या पद्धतीच्या इलेक्ट्रॉनिक सहीला हस्ताक्षराचा दर्जा देतं. आधारवरचं ई-साइन त्यात बसतं, नुसतं बोटाने काढलेलं चित्र नाही. ते पुरावा म्हणून मांडता येईल, पण वजन सोबतच्या नोंदींवर ठरेल.

म्हणून विषय निवडताना "सही गुळगुळीत कशी दिसेल" यावर थांबू नका. ते बऱ्यापैकी सुटलंय. "कोणती नोंद ठेवली तर नाकारलेली सही तपासता येईल, आणि ती नोंद चोरीला गेली तर सही करणाऱ्याचं काय" हे विचारा. अडकलेलं भाडं ड्रायव्हरचं असतं; आपली अचूकता त्याच्या कामी यायला हवी.