बाख, मोझार्ट आणि दोन रकान्यांचा तक्ता

सिनॉप्सिस लिहायला घेतली की आपण आधी दोन रकान्यांचा तक्ता आखतो. मीही आखते. युरोपीय वाद्यवृंदाबद्दल असाच एक तक्ता सगळीकडे फिरतो: बरोक म्हणजे गुंतागुंतीचं, क्लासिकल म्हणजे सोपं, मधली रेघ १७५०, बाखच्या मृत्यूचं वर्ष. (इथे क्लासिकल म्हणजे आपलं शास्त्रीय नव्हे, हायडन-मोझार्टचा काळ.) सुट्टीत हरसूलला घरी आले तेव्हा हा तक्ता कानाने तपासला. तुम्हीही तपासा. इअरफोन आणि तासभर वेळ पुरे.

आधी बाखचा तिसरा ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तो ऐका. तीन व्हायोलिन, तीन व्हिओला, तीन चेलो, आणि खाली हार्प्सिकॉर्डसह अखंड चालणारा खर्ज, म्हणजे कंटिन्युओ. सुरुवातीचा इवलासा तुकडा या वाद्याकडून त्या वाद्याकडे फिरतो, थांबत नाही. आमच्या भागात तारपा वाजवणारा सूर तुटू देत नाही, तसं काहीसं. साम्य ऐकण्यापुरतंच हं, याला पुरावा समजू नका.

मग मोझार्टची चाळिसावी सिम्फनी, १७८८ ची. तिची सुरुवात तुमच्या ओळखीची निघेल. ‘छाया’ (१९६१) मधलं तलत-लताचं द्वंद्वगीत सलील चौधरींनी त्याच सुरावटीवर बांधलं. ते बांधता आलं, हाच मला पहिला धागा वाटला. खाली व्हिओलांची नुसती कुजबुज, वर व्हायोलिनची एकच धून, छोट्या वाक्यांत, मध्ये श्वास घेत. ती उचलून दुसऱ्या साथीवर ठेवली तरी उभी राहते. ब्रांडेनबुर्गमधून अशी धून काढायला जा, नऊ धाग्यांतला एक ओढला की कापडच उसवतं.

एवढं लिहून खूश झाले, आणि बाखच्याच तिसऱ्या ऑर्केस्ट्रल सूटमधला ‘एअर’ लागला. वर लांब धून, खाली चालता खर्ज. उचलता येते की! उलट मोझार्टच्या ‘ज्युपिटर’चा शेवटचा भाग, तोही १७८८ चाच, पाच कल्पना एकमेकींत विणतो. ‘सोपं’ हा शब्द मी तिथेच खोडला.

मग कसोटी बदलली: सुरावटींमधली पोकळी कोण भरतं? बाखकडे ते काम कंटिन्युओचं. चाळिसावीत ओबो, बासून, हॉर्न लांब सूर धरून ते करतात. ही कसोटी बरी टिकते, पण तिलाही रेघ सापडत नाही. हायडनच्या १७६१ च्या सहा, सात, आठ क्रमांकाच्या सिम्फनींत एकेकटी वाद्यं बरोक कॉन्चेर्तोसारखीच पुढे येतात, आणि १७९० च्या दशकात लंडनमध्ये स्वतःच्या सिम्फनी सादर होत असताना तो कीबोर्डपाशीच बसे. माझ्या तक्त्यात आता १७५० च्या जागी चाळीसेक वर्षं रुंदीचा पट्टा आहे.