नकार, स्वीकार आणि बांधिलकी : मराठी आजारकथनांच्या वाचनाविषयी

मराठीत आजारपणावरचे पुस्तक आले की त्याच्याविषयी बोलताना एक क्रियापद ठरलेले असते : मात करणे. कर्करोगावर मात, अपंगत्वावर मात, मधुमेहावर मात. पुरवण्यांचे मथळे, सत्काराची भाषणे, मलपृष्ठावरचा मजकूर, सगळीकडे हाच शब्द. तो आला बुद्धिबळाच्या पटावरून. पटावर मात झाली की डाव संपतो, सोंगट्या डब्यात जातात. मधुमेह, संधिवात, अपस्मार, पार्किन्सन्स, मज्जारज्जूच्या इजेनंतर आलेले लुळेपण यांचा डाव मात्र संपत नाही. माणूस वीस-वीस, तीस-तीस वर्षे त्याच पटासमोर बसलेला असतो. बरा न होणारा आजार घेऊन जगणाऱ्या माणसाच्या पुस्तकाला आपण 'मात केल्याची कहाणी' म्हणतो, तेव्हा पुस्तकात आहे ते वाचतो की आपल्याला हवे ते, असा माझा प्रश्न आहे.

घरात, पारावर, दवाखान्याच्या बाकावर याच्या उलट टोकाचा शब्द चालतो : भोग. 'भोग आहेत, भोगून संपवायचे.' आमच्या माढा तालुक्याच्या भागात उजनीच्या पाण्याने ऊस आला, साखर कारखाने आले, आणि घरोघर 'शुगर' या शब्दाचा अर्थ आजार असा झाला. 'शुगर आहे' म्हणणाऱ्याच्या आवाजात जिद्द नसते आणि फारसे दुःखही नसते. हवामान सांगावे तसे ते सांगितले जाते. मग कोणीतरी तुकोबांचा समाधानाचा अभंग आठवतो आणि विषय संपतो. एकीकडे मात, दुसरीकडे भोग. या दोहोंच्या मधल्या प्रदेशात लाखो माणसे राहतात, पण त्या प्रदेशाला आपल्या समीक्षेत नाव नाही.

हे नाव शोधताना मला मानसोपचाराच्या एका शाखेचा उपयोग झाला. 'ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी' हे तिचे नाव. स्टीव्हन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अमेरिकेत १९८० च्या दशकापासून घडवली; तिचे मुख्य पुस्तक १९९९ चे. मराठी वाचकाला त्याआधीची एक पद्धत चांगली परिचयाची आहे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती डॉ. किशोर फडके यांच्या आयुष्यभराच्या कामामुळे महाराष्ट्रात रुजली, आणि अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या कादंबरीमुळे मानसशास्त्राशी संबंध नसलेल्यांच्या घरातही पोचली. एलिस स्वतः लहानपणी मूत्रपिंडाच्या विकाराने वारंवार रुग्णालयात राहिलेले, चाळिशीत मधुमेही झालेले. शारीरिक आजार हा त्यांच्या विचाराचा परका विषय नव्हता. त्यांची रीत वादाची. 'मला हे सहनच होणार नाही' असा विचार आला की त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करायचे, पुरावा मागायचा आणि त्याच्या जागी अधिक विवेकी विचार बसवायचा.

हेज यांची पद्धत इथे वेगळी वाट धरते. विचार खरा की खोटा या वादात ती फारशी पडत नाही. 'मला सहन होणार नाही' हा विचार आला आहे, एवढे पाहायचे. त्याला घालवायला धावायचे नाही आणि त्याचा हुकूमही मानायचा नाही. दुखणे, भीती, लाज यांना मनात जागा करून द्यायची आणि मग विचारायचे : हे सगळे असताना मला कशासाठी जगायचे आहे, आणि त्या दिशेने आज कोणते पाऊल टाकता येईल? दुखणे टाळण्याच्या खटपटीत माणूस आधी लग्नकार्ये सोडतो, मग बाजार सोडतो, मग अंगण. दुखणे तेवढेच राहते, आयुष्य मात्र आकसत जाते. हे आकसणे थांबवणे हा उपचाराचा हेतू. औषध सोडा असे ती सांगत नाही. उलट, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ८१ मधुमेही रुग्णांपैकी काहींना एका दिवसाच्या शिबिरात नुसती आजाराची माहिती दिली आणि काहींना माहितीबरोबर या पद्धतीचे शिक्षण दिले. तीन महिन्यांनी दुसऱ्या गटातल्या अधिक जणांची साखर आटोक्यात होती. आजाराकडे बघवत नाही म्हणून माणूस तपासणी टाळतो. बघण्याची तयारी झाली की गोळीही वेळेवर घेतली जाते.

महाराष्ट्राशी जोडलेला धागा अपस्माराचा आहे. तोबियास लुंडग्रेन आणि जोॲन डाल या स्वीडिश संशोधकांनी ही पद्धत आधी दक्षिण आफ्रिकेतल्या २७ अपस्माररुग्णांबरोबर वापरली. ते काम २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. नंतर त्यांनी भारतात दुसरा प्रयोग केला. पुण्याचे अपस्मारतज्ज्ञ डॉ. नंदन यार्डी त्याचे सहलेखक आहेत. औषधांनी झटके आटोक्यात न येणारे १८ रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले : एका गटाला ही उपचारपद्धती, दुसऱ्याला योग. पाच आठवड्यांत मिळून बारा तासांचा उपचार, पुढे सहा महिन्यांनी आणि वर्षाने उजळणी. २००८ मध्ये निष्कर्ष आले. दोन्ही गटांत झटक्यांची वारंवारता आणि लांबी यांचा मिळून काढलेला निर्देशांक घटला, पहिल्या गटात अधिक घटला. दोन्ही गटांत जगण्याच्या प्रतीत सुधारणा दिसली, तीही वापरलेल्या दोन मापकांपैकी एकावर. अठरा माणसांवरून फार बोलू नये, हे मला मान्य आहे. पण गंमत अशी की ज्या उपचाराचा रोख झटके थांबवण्यावर नव्हता, झटके येत असताना जगण्यावर होता, त्यात झटकेही कमी झाले.

आता शब्दांकडे वळू, कारण या लेखाचा खरा विषय तो आहे. या पद्धतीच्या नावातले दोन शब्द मराठीत आणायचे तर 'स्वीकार' आणि 'बांधिलकी' हेच जवळचे. आणि मराठी साहित्याचा वाचक इथे अडखळतो. आपल्याकडे 'स्वीकार' येतो भक्तीच्या आणि प्रारब्धाच्या फडताळातून, तर 'बांधिलकी' येते सामाजिक चळवळींच्या आणि त्यांच्या साहित्याच्या फडताळातून. बांधिलकी मानणाऱ्याने परिस्थिती स्वीकारायची नसते, ती बदलायची असते, असा आपला वाङ्मयीन संस्कार आहे. दलित साहित्याच्या चर्चेत तर वेदना, विद्रोह आणि नकार ही त्रयीच रूढ झाली, आणि ती योग्य कारणाने झाली. ज्यांना पिढ्यानपिढ्या 'आपल्या वाट्याला आले ते स्वीकारा' असे ऐकवले गेले, त्यांनी या शब्दाकडे संशयानेच पाहिले पाहिजे. म्हणून 'स्वीकार' हा शब्द समीक्षेत आणताना आधी विचारावे लागते : कशाचा? शरीरातल्या कळेचा स्वीकार ही एक गोष्ट. त्या कळेच्या निमित्ताने समाजाने लादलेल्या अटींचा स्वीकार ही अगदी दुसरी.

हा भेद हाती धरून पुस्तके पुन्हा उघडली तर वेगळी दिसतात. नसीमा हुरजूक यांचे आत्मकथन घ्या. सोळाव्या वर्षी पायांतली शक्ती गेली. पुढे १९८४ मध्ये त्यांनी कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. आपण हे पुस्तक जिद्दीचा नमुना म्हणून शाळकरी मुलांच्या हातात देतो. पण त्याचे नाव पाहा : 'चाकाची खुर्ची'. नावात भरारी नाही की झेप नाही, एक वस्तू आहे. पायांवर पुन्हा उभे राहण्याची आशा जोवर सगळा दिवस खाऊन टाकते, तोवर खुर्ची ही पराभवाची खूण असते. खुर्चीला खुर्ची म्हणता आले की तिच्यावर बसून कुठे जायचे हा प्रश्न सुरू होतो. या वळणावर त्यांना भेटलेले बाबूकाका दिवाण स्वतः तशाच लुळेपणात जगणारे आणि काम करणारे होते. उपदेश नव्हे, तर तशाच शरीरात चाललेले भरगच्च आयुष्य त्यांना समोर दिसले. मग 'घरौंदा'सारखे वसतिगृह उभे राहते, जिथे दाराची रुंदी आणि उताराचा चढ हे माणसाच्या मापाने ठरतात. स्वतःच्या पायांबाबत स्वीकार, आणि पायऱ्यांबाबत साफ नकार. मात या शब्दात यातले काहीच मावत नाही.

पद्मजा फाटक यांचे 'हसरी किडनी अर्थात अठरा अक्षौहिणी' वरवर पाहता युद्धाच्याच भाषेत बोलते. मूत्रपिंड निकामी होणे, प्रत्यारोपण, त्यापाठोपाठच्या गुंतागुंती, आणि लेखिका मुळात विनोदाच्या अंगाने लिहिणारी. तेव्हा 'हसत हसत झुंज' असा शेरा मारून मोकळे होता येते. मला त्या शीर्षकातला आकडा महत्त्वाचा वाटतो. अठरा अक्षौहिणी ही एका पक्षाची सेना नव्हे. अकरा कौरवांच्या आणि सात पांडवांच्या मिळून अठरा होतात. दोन्ही सैन्ये मोजणारा माणूस कोणत्याच छावणीत नसतो. तो असतो ती रणभूमी. प्रत्यारोपण झालेल्या शरीराचे याहून नेमके वर्णन सापडणे अवघड, कारण आपलीच प्रतिकारशक्ती नव्या मूत्रपिंडावर चाल करून जाऊ नये म्हणून तिला औषधांनी आयुष्यभर दाबून ठेवावे लागते. शत्रू कोण आणि मित्र कोण? शीर्षकाचे हे वाचन माझे आहे, लेखिकेवर मी ते लादत नाही. पण विनोद इथे धीराचा मुखवटा नसून पाहण्याची जागा आहे असे मला वाटते. दुखण्यापासून दोन हात लांब उभे राहून त्याच्याकडे बघण्याचे जे कौशल्य उपचारक शिकवतात, ते विनोदी लेखकाला हाताच्या सवयीने येत असावे.

बाबा आमटे यांच्याविषयी थोडक्यात बोलणे अवघड, तरीही. पाठीच्या कण्याच्या विकाराने त्यांचे बसणे सुटले. उभे राहणे किंवा आडवे पडणे एवढेच उरले. १९८५ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ते कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत 'भारत जोडो' यात्रेला निघाले ते गाडीत आडवे पडून. १९९० मध्ये नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले तेही तोच कणा घेऊन. त्यांच्या गौरवपर लेखनात कण्याचा उल्लेख पराक्रमाला उठाव आणण्यापुरता येतो. मला उलट वाटते. कण्याशी भांडण्यात त्यांनी दिवस घालवले नाहीत म्हणून इतर भांडणांना दिवस उरले. स्वीकार आणि बांधिलकी हे दोन शब्द मराठीत एकत्र नांदलेले पाहायचे तर ते इथे दिसतात.

यावर एक हमखास प्रतिक्रिया येते : 'हे आमच्या संतांनी केव्हाच सांगितले आहे.' मोडनिंबला राहणाऱ्याने ती जरा जास्तच ऐकलेली असते, कारण एका बाजूला पंढरपूर आणि जवळच अरण, सावता माळ्यांचे गाव. या प्रतिक्रियेत तथ्य नाही असे नाही. पंढरीला न जाता मळ्यातच विठ्ठल पाहणारे सावतोबा हे मूल्य आणि रोजचे काम एक झाल्याचे उदाहरण आहेच. परंतु 'केव्हाच सांगितले आहे' म्हणणारा सहसा तिथेच थांबतो. वारकरी संतांमध्ये समाधान आहे तसे भांडणही आहे; तुकोबा विठ्ठलाला धारेवर धरतात. आजाऱ्याच्या उशाशी आपण त्यातले फक्त समाधान नेतो, भांडण घरी ठेवतो. निवड आपली असते आणि नाव संतांचे. शिवाय ज्याला दुखते आहे त्याने, दुखत नसलेल्या माणसाच्या तोंडून समाधानाचा उपदेश ऐकणे यात एक क्रौर्य आहे. नव्या उपचारपद्धतीतही तो धोका आहेच. रुग्णालयात खाटा नाहीत, तज्ज्ञ जिल्ह्याच्या गावी, गोळ्या महाग, आणि रुग्णाला सांगायचे 'स्वीकारा' : असा तिचा वापर झाला तर तो भोगाचाच नवा अवतार ठरेल.

म्हणून पुन्हा अपस्मारावर येतो. आमच्याकडे त्याला फेफरे म्हणतात, मिरगी म्हणतात, हल्ली 'फीट'. झटका आलेल्याच्या नाकाशी चप्पल किंवा कांदा धरण्याची चाल अजून गेलेली नाही. पण झटक्याहून मोठी असते ती लपवाछपवी, आणि ती मुख्यतः मुलींच्या वाट्याला येते. या लपवाछपवीला कायद्याचाच आधार होता. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने अपस्माराचे वारंवार झटके वेडाच्या झटक्यांच्या जोडीला बसवले आणि अशा व्यक्तीचा विवाह रद्दबातल ठरवून घेता येईल अशी सोय झाली. १९९९ मध्ये अपस्मार हा शब्द तिथून वगळला गेला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून मात्र २०१९ पर्यंत टिकले. आनंदवन सुरू झाले होते १९४९ मध्ये. ज्या मुलीने आपले झटके स्वीकारले, औषधे नियमित घेतली, शिक्षण पुरे केले, तिने १९९९ पूर्वी आणखी काय स्वीकारायला हवे होते? तो शब्द कायद्यातून निघाला तो कोणीतरी नकार दिला म्हणून.

उद्या अशा एखाद्या मुलीने आपले आत्मकथन लिहिले तर त्यात झटके असतील, गोळ्यांच्या वेळा असतील, स्थळे येऊन गेल्याचे हिशेब असतील आणि बहुधा झटके शेवटच्या पानापर्यंत थांबलेले नसतील. त्या पुस्तकाच्या परीक्षणाचा मथळा काय द्यायचा, हे आपण आत्ताच ठरवून ठेवलेले बरे.