गंडमची रोजकीर्द

पंगतीत मीठ आधी की लिंबू आधी, यावरून व्याह्याव्याह्यांत अबोला आलेला मी पाहिला आहे. पण त्या भांडणाला निदान दोनच बाजू असतात. ‘गंडम’ ही जपानी कार्टूनमालिका कुठून पाहायला सुरुवात करावी, या भांडणाच्या बाजू मोजायच्या तर आमच्या कॅशियरचं नोटा मोजायचं मशीन घरी आणावं लागेल.

नावावर जाऊ नका. इथे कुणी कुणाला गंडवत नाही. ७ एप्रिल १९७९ रोजी जपानी टीव्हीवर ही मालिका सुरू झाली. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो. ठरले होते ५२ भाग, पण प्रेक्षक फिरकेनात म्हणून ४३ भागांतच गाशा गुंडाळला. मग पुनःप्रक्षेपण झालं, १९८० साली बांदाई कंपनीने त्यातल्या यंत्रमानवांची जोडायची प्लास्टिकची मॉडेलं बाजारात आणली, आणि मेलेली मालिका अशी काही उठून बसली की तिचा वंशविस्तार अजून चालू आहे. २०२५ सालीसुद्धा एक पाळणा हलला.

आता गोम अशी, की ही भावंडं जन्माला एका क्रमाने आली आणि वयं लावतात दुसऱ्याच क्रमाने. २०१५ ते २०१८ या काळात आलेल्या ‘द ओरिजिन’ची गोष्ट १९७९च्या मालिकेच्या आधी घडते. १९८९ची ‘वॉर इन द पॉकेट’ पहिल्या मालिकेच्या पोटातच घडते. माझा भाचा म्हणाला, “मामा, सोपं आहे. गोष्टीत जे आधी घडतं ते आधी बघ.” आणि त्याने मला एक तक्ता काढून दिला. तो पाहून मला आमच्या ऑडिटरची आठवण झाली. माणूस सज्जन, पण कादंबरी वाचायला त्याच्याबरोबर बसू नये.

आम्हां कॉमर्सवाल्यांना हा वाद नवा नाही. रोजकीर्दीत जे ज्या दिवशी झालं ते त्या दिवशी लिहायचं, खतावणीत ते उचलून खात्याखात्याने लावायचं. भाच्याचा तक्ता ही खतावणी. ताळा जमवायला उत्तम. पण सांगणारा माणूस कधी काय बोलला आणि ऐकणाऱ्याला तोवर काय ठाऊक होतं, हे कळायला रोजकीर्दच उघडावी लागते.

उदाहरणार्थ, शार. पहिल्या मालिकेतला हा मुखवटेवाला शत्रू. हा कोण, आपल्याच बाजूच्या लोकांकडे असा तिरका का पाहतो, हे मालिका पुडीतल्या फुटाण्यांसारखं एकेक करून हातावर ठेवते. ‘द ओरिजिन’ पहिल्याच प्रकरणात सगळी पुडी उपडी करते. (त्याचं खरं नाव इथे लिहिलं तर माझाच मुद्दा गंडेल.) हिचे कर्ते योशिकाझु यासुहिको, म्हणजे १९७९च्या पात्रांना चेहरे देणारेच गृहस्थ. काम सुंदर आहे, पण ते ज्यांना शार आधीच माहीत आहे अशांसाठी केलेलं आहे. भाचा म्हणतो, “रामायण माहीत असून आजी कीर्तनाला जायचीच ना?” जायची. पण पूर्वरंग आधी की उत्तररंग, हे बुवा ठरवायचे, आजी नव्हे.

माझा खरा जीव अडकला आहे तो ‘वॉर इन द पॉकेट’मध्ये. अवघे सहा भाग, आणि तोमिनोंनी दिग्दर्शित न केलेली ही पहिली गंडम. नायक कोण, तर शाळकरी पोरगा. त्याला युद्ध म्हणजे मज्जा वाटते, यंत्रमानवांची नावं तोंडपाठ. आता दहा वर्षं मॉडेलं जोडून हीच नावं पाठ करणारा पोरगा कोण? समोर बसलेला प्रेक्षक! त्याला जवळ बसवून, आवाज न चढवता, ही मालिका विचारते, की बाळ, तुला यात नक्की काय आवडतं? शेवट पाहून मी दिवा न लावता बराच वेळ बसलो होतो. तक्त्याप्रमाणे पहिल्या मालिकेच्या मध्येच थांबून हे सहा भाग पाहिले, तर प्रश्न विचारला जातो, पण टाळ्या वाजवून झालेल्या नसतात. मग ओशाळायचं कशाला?

२०२५च्या ‘जीक्वक्स’चं तेच. १९७९मध्ये गंडम शारच्या हाती लागला असता तर, अशी तिची कल्पना. मूळ बाजी न पाहता हा फिरवलेला डाव पाहणं म्हणजे लग्नाला न जाता थेट आहेराच्या तक्रारी ऐकणं.

तेव्हा जन्मक्रम. १९७९चे ४३, मग १९८५च्या ‘झेटा’चे ५०, १९८६च्या ‘डबल झेटा’चे ४७, मग १९८८चा ‘शार्स काउंटरअटॅक’ हा चित्रपट, आणि त्यानंतर ते सहा भाग. वेळ नसलेल्यांनी पहिल्या ४३ऐवजी १९८१-८२चे तीन संकलित चित्रपट पाहावेत, चालेल. ‘डबल झेटा’ गाळा असं पुष्कळ जाणकार सांगतात. ‘झेटा’च्या भयाण शेवटानंतर ती एकदम विनोदी व्हायला जाते आणि सुरुवातीला तिचा विनोद पडतो, हे खरं. पण मी गाळणार नाही. दुसऱ्याचा पडलेला विनोद पाहायची संधी विनोदी लेखकाला रोज मिळत नाही, आणि पुढे ती सावरतेही.

तीन मालिका मिळून १४० भाग. चोवीस मिनिटांचा एक धरला तर ५६ तास. जेवणानंतर रोज दोन भाग म्हणजे सत्तर रात्री, मार्चअखेर वगळून.