धुरजड, उलाळ आणि तिसरे चाक

अमेरिका, ऑस्ट्रेलिया यांसारख्या देशांत मोटारीमागे जोडायची छोटी दोन चाकी गाडी घरीच बांधून बायकामुलांसह रानात मुक्कामाला जाण्याचा छंद जुना आहे. अमेरिकेतील 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' या मासिकाने १९४७ साली दोघांना झोपता येईल अशा गाडीचे आराखडेच छापले होते. खाचखळग्यांतून जाणाऱ्या या गाड्यांची रचना पाहताना आम्हांला सारखी आठवण झाली ती आपल्याकडच्या ऊसगाडीची. दोन चाके, एक आख, पुढे एक दांडी. तत्त्व तेच, आणि वाट तिकडच्याहून वाईट. हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांचा सारा संसारही या गाडीच्या आधारानेच चालतो. फरक एवढाच, की तिकडे दांडीचे टोक मोटारीच्या लोखंडी गोळ्यावर टेकते आणि इकडे ते दोन बैलांच्या मानांवर टेकते.

म्हणून ऊसगाडीच्या रचनेची समीक्षा ही काही केवळ यंत्रशाळेतली गोष्ट नाही. तिला निमित्तही आहे. वाळवे तालुक्यातील राजारामनगरच्या राजारामबापू तंत्रज्ञान संस्थेतील विद्यार्थ्यांनी बैलांच्या मानेवरचा भार हलका करण्यासाठी जुवाजवळ, दोन्ही बैलांच्या मधोमध, एक आधारचाक बसवले व त्या प्रकल्पाला 'सारथी' असे नाव दिले. २०२२ च्या जुलै महिन्यात त्याचे छायाचित्र देशभर पसरले. कौतुक भरपूर झाले, ते योग्यच होते. पण कौतुकाच्या भरात तपासणी राहून गेली. असे चाक नेमके काय करते आणि काय करत नाही, हे आपण पाहू.

आधी मानेवर भार येतोच कशाला? आपल्या भाषेत याला दोन नेमके शब्द आहेत. वजन आखाच्या पुढे झुकले की गाडी 'धुरजड' होते आणि मागे झुकले की 'उलाळ' होते. तरफेचा सारा धडा या दोन शब्दांत आहे. (पाठ्यपुस्तकात कात्री आणि अडकित्ता असतो, हे शब्द मात्र नसतात!)

आता आकडे घालून पाहू. समजा गाडी व ऊस मिळून ३००० किलो वजन आहे आणि आखापासून जुवापर्यंतचे अंतर ३ मीटर आहे. गुरुत्वमध्य आखाच्या पुढे फक्त १० सेंटिमीटर असेल तर जुवावर येणारा भार ३००० × ०.१ ÷ ३, म्हणजे १०० किलो. एका बैलाच्या वाट्याला ५० किलो. हाताच्या वितीहूनही कमी अंतराचा हा परिणाम आहे.

मग ऊस थोडा मागे रचून हा भार शून्यावर का आणू नये? मोटारीमागच्या गाडीत तसे करत नाहीत. तिथे एकूण वजनाच्या सुमारे १० ते १५ टक्के भार मुद्दाम जोडणीवर ठेवण्याचा अमेरिकेत संकेत आहे, कारण मागे जड झालेली गाडी वेगात शेपटी हलवू लागते आणि मोटारीलाही खेचून उलटवते. बैलगाडीच्या चालीत ही भीती नाही. म्हणजे मोटारीला जो भार हवा असतो त्याची बैलाला काहीच गरज नाही. अडचण निराळीच आहे, ती म्हणजे चढ-उताराची.

ऊस उंच रचलेला असतो. समजा त्याचा गुरुत्वमध्य आखाच्या वर १.२ मीटर आहे. रस्ता २० ला १ असा उतरू लागला की हे उंचावरचे वजन आखाच्या तुलनेत १.२ ÷ २० मीटर, म्हणजे ६ सेंटिमीटर पुढे सरकते. ऊस जागचा हललेला नसतो, कललेली असते ती गाडी. जुवावरचा भार १०० वरून १६० किलो होतो. तेवढ्याच चढावर तो ४० किलोवर येतो, आणि १२ ला १ अशा चढावर शून्य. त्याहून खडा चढ लागला की गाडी उलाळ होऊन जू वर उचलते व गळ्याखालचा पट्टा बैलाला काचतो. (ओढीच्या व रोखण्याच्या जोराचा परिणाम इथे सोडून दिला आहे. हिशेब सोपा राहावा म्हणून.) सपाटीवर अगदी तोललेली गाडी प्रत्येक चढावर उलाळ होणार, हे गाडीवानाला अनुभवाने ठाऊक असते. म्हणून तो ती थोडी धुरजडच ठेवतो. त्याला अडाणी म्हणण्यापूर्वी हा हिशेब मांडून पाहावा.

वर्गात हे सहज दाखवता येते. हातभर लांबीच्या फळीला आख व दोन चाके बसवा, चाकांना खडे लावून ती अडवा, आणि फळीचे पुढचे टोक ताणकाट्याने उचलून धरा. फळीवर आखापाशी वीट एकदा आडवी व एकदा उभी ठेवून, टेबल पुढे व मागे कलते करून वाचन घ्या. आडव्या विटेचे वाचन थोडे बदलते, उभ्या विटेचे बरेच. उंच रचलेल्या उसाचा दोष मुलांना न सांगता कळतो.

या पार्श्वभूमीवर तिसरे चाक चांगलीच कामगिरी करते. धुरजड भार ते जमिनीवर उतरवते, उतारावर वाढलेला भारही झेलते. गाडीवान गाडी धुरजड ठेवू शकतो आणि त्याची किंमत बैलाला मोजावी लागत नाही. चाकाची जागाही विचाराने निवडलेली दिसते. ते मागे, आखापासून दीड मीटरवर असते तर १०० किलोंऐवजी २०० किलो त्याच्यावर आले असते. शिवाय पुढे असल्यामुळे चाक आणि बैलांचे खूर साधारण एकाच पातळीवरच्या जमिनीवर चालतात. गाडीवाटेवर दोन चाकोऱ्या खोल आणि मधला पट्टा उंच असतो, तिथे हा लाभ मोठा आहे.

पण वाट सपाट राहत नाही. शेतातून निघताना पाट लागतो, सरी लागते, बांध लागतो. चाक बांधावर आणि बैल बांध उतरलेले, असे झाले की ताठ बसवलेले चाक जू वर ढकलणार. चाक पाटात उतरले की तोच भार पुन्हा मानेवर. म्हणून अशा चाकाला स्प्रिंग किंवा निदान उंची बदलण्याची सोय हवीच. नदीकाठच्या ओल्या मळीत लहान चाक रुतते आणि रुतलेले चाक ओढायला बैलच असतात.

इथे आपण मुख्य प्रश्नाकडे येतो. मानेवरचा भार आणि ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवेच्या टायरची गाडी डांबरी रस्त्यावर ओढायला वजनाच्या सुमारे २ टक्के जोर पुरतो, म्हणजे आपल्या उदाहरणात ६० किलो. मऊ शेतात तो १० टक्के किंवा अधिक लागतो, म्हणजे ३०० किलो. बैल दिवसभर टिकेल अशी ओढ त्याच्या वजनाच्या दहाव्या भागाइतकी धरतात, चांगल्या जोडीची ८० ते ९० किलो. शेताच्या तोंडाशी बैल गुडघ्यावर येतो तो या आकड्यांमुळे. तिसरे चाक यातले एक किलोही कमी करत नाही.

उतारावरचे दुखणे तर आम्हांला याहून गंभीर वाटते. २० ला १ उतारावर ३००० किलोंची गाडी १५० किलो जोराने पुढे सरकू पाहते. टायरचा विरोध ६० किलोंचा, उरलेले ९० किलो बैलांनी मानेने मागे रोखायचे. रबरी टायर आले, ओढणे हलके झाले, पण त्याच हिशेबाने उतरणे अवघड झाले, आणि गाडीला ब्रेक मात्र बहुधा नसतो. भारवाहू जनावरांविषयीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत किमान एक किलोमीटर लांबीचा, ३० मीटरला ३ मीटरहून अधिक चढ असेल तर वजन निम्मे करण्याची अट आहे. ती चढासाठी. आमच्याकडे निवड करण्याची पाळी आली तर आम्ही तिसऱ्या चाकाआधी दोन चाकांना ब्रेक बसवू. शिवाजी उद्यमनगरात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांचे काम करणाऱ्या कारागिरांना हातदांड्याने दाबायचा साधा ठोकळा-ब्रेक जड जाणार नाही. (तिथे गेलोच तर ट्रॉलीच्या मागे परावर्तक पट्टीही लावून घ्यावी, रात्री उभ्या ट्रॉलीवर आदळून माणसे मरतात.)

आणखी एक गोष्ट यंत्रशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही. तोडणी-वाहतुकीचा मोबदला टनावर मिळतो, आणि कुटुंबाने उचल आधीच घेतलेली असते. मानेवरचा भार उतरला, बैल कुरकुरेनासा झाला, तर वाचलेल्या सोयीचे रूपांतर आणखी चार मोळ्यांत होण्याचा मोह मोठा आहे. मग मान सुटेल आणि खांदा व गुडघे अधिक झिजतील. शिवाय टायरगाडी बहुधा कारखान्याची, भाड्याने घेतलेली असते. तिच्यात फेरफार करण्याचा अधिकार आणि ऐपत गाडीवानाकडे नसते. सुधारणा करायची तर ती मालकाच्या दारात न्यायला हवी, हे विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाचा गौरव करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी म्हटले.

चाकाचा सर्वांत निर्विवाद उपयोग गाडी उभी असताना आहे. कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत भरलेल्या गाड्या रांगेत तासन् तास थांबतात. ओढ शून्य, पण जुंपलेल्या बैलाच्या मानेवर भार पूर्ण. आणि एवढ्या कामाला तर चाकही नको, दांडीखाली घालायचा एक भक्कम टेका पुरे.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना यातून हंगामातला एक चांगला प्रकल्प करता येईल. गाडीवानाची परवानगी घेऊन, सपाटीवर, चाकांना दगड लावून आणि बैल सोडून, जुवाच्या जागी दांडीखाली टेका द्यावा व टेक्याखाली घरगुती वजनकाटा ठेवावा. काटा किती किलोंपर्यंतचा आहे ते आधी पाहावे आणि दांडीखाली कोणी पाय घालू नये. काट्यावरचे वाचन, आखापासून जुवापर्यंतचे अंतर आणि कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावतीवरचे वजन, हे तीन आकडे मिळाले की गुरुत्वमध्य आखाच्या किती पुढे आहे ते निघते. दहा-बारा गाड्यांची अशी नोंद झाली तर ती कारखान्याच्या शेती अधिकाऱ्याकडेही द्यावी.