मानकाचा धाक

धाक नसेल तर हवेचे मानक नुसता आकडा उरते. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याला १९९०च्या दुरुस्तीने तो धाक आला: प्रादेशिक वाहतूक आराखडा राज्याच्या हवाशुद्धीच्या योजनेशी जुळला नाही, तर नव्या रस्त्यांचा केंद्रीय निधी अडतो. १९९८ मध्ये अटलांटात तसे घडले. पुढच्याच वर्षी जॉर्जियाने प्रादेशिक वाहतूक प्राधिकरण नेमले. ही पद्धत निर्दोष नाही. ती भविष्यातल्या रहदारीच्या अंदाजांवर चालते. पण आपल्या १९८१च्या हवा कायद्यात तेवढेही कलम नाही. २००९च्या मानकांत पीएम २.५ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. ती ओलांडली म्हणून महानगराच्या रस्त्यांचा पैसा अडत नाही. माझा आक्षेप ४० या आकड्यापेक्षा या तुटलेपणावर आहे.