अक्षर आणि अर्थ : बऱ्हाणपूरच्या मशिदीतील दोन लेख

मशिदीतील अलंकृत लेखन म्हणजे मूर्तीच्या अभावी योजिलेली केवळ नक्षी होय, असे मानण्याचा प्रघात आहे. बऱ्हाणपूरची जामा मशीद या मताचा पुनर्विचार करावयास लावते. खानदेशचा फारुकी सुलतान राजा अलीखान याने बांधविलेल्या या वास्तूत अरबी लेखाच्या जोडीला संस्कृत लेखही कोरलेला आहे. त्यात राजवंशाची नामावळी असून विक्रम संवत् १६४६ व शके १५११ अशी कालगणना दिली आहे. अरबी लेखातील उभे दंड आणि वळसे न वाचताही डोळ्यांत भरतात. संस्कृत लेखाला ते रूपवैभव नाही. परंतु सृष्टिकर्त्याला अव्यक्त, व्यापक, गुणातीत म्हणताना त्याने इस्लामच्या ईश्वराला उपनिषदांच्या परिभाषेत उतरविले आहे. लेखन निव्वळ शोभेसाठी असते, तर हा खटाटोप कशाला? येथील वाचकाला अर्थ कळावा, ही आस्था त्यात उघड आहे. रायपूरच्या तात्यापाऱ्यात हिंदीच्या शेजारी मराठी जपणाऱ्या माझ्यासारख्या अनुवादकाला या भिंतीपुढे आपलाच व्यवसाय दिसतो. अक्षराचे सौंदर्य मूळ लिपीतच राहिले; अर्थ मात्र पलीकडे पोचला. अनुवादाची मर्यादा हीच, आणि त्याचे सार्थकही हेच.