गोंडस कोल्ह्यांचा सुळसुळाट

‘स्थानिक निसर्ग’ अशी पाटी लावून जर्सी सिटीच्या कलाबाजारांत जी स्टिकरं विकली जातात, त्यांत स्थानिक असतो तो बहुधा विक्रेत्याचा पत्ता. झोपाळू कोल्हा, लाल टोपीचं भूछत्र, चंद्रकोर आणि भोवती कुठल्याही देशात खपेल अशी पालवी. होलोग्रामवाल्यांबद्दल आणि प्राण्यांच्या तोंडी कोट्या घालणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं. खरी चीड येते ती मोनार्क फुलपाखराला लॅव्हेंडरवर बसवलेलं पाहून. लॅव्हेंडर भूमध्य समुद्राकाठचं. मोनार्कची अळी मात्र मिल्कवीडखेरीज कशाला तोंड लावत नाही. मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईच्याच कुळातलं, पान तोडलं की तसाच पांढरा चीक येणारं झाड. मारुतीला रुईच्या पानांचा हार घालणाऱ्या मराठी घरांना तरी ही चूक खटकायला हवी.

याउलट मोजक्या चित्रकारांचा ओढा जीव आणि त्याचं झाड एकत्र रंगवण्याकडे आहे, आणि या कलेत दम असेल तर तो तिथेच. मिल्कवीडची समोरासमोर येणारी रुंद पानं, त्यांतलं एक कडेने कुरतडलेलं, त्यावर काळ्या, पिवळ्या, पांढऱ्या पट्ट्यांची अळी. गिऱ्हाइकाला निर्दोष पान हवं असताना खाल्लेलं पान रंगवायला धाडस लागतं. न्यू जर्सीचा राज्यपक्षी गोल्डफिंच उशिरा, ऐन उन्हाळ्यात घरटं करतो आणि त्याला काटेरी थिसलचा आणि मिल्कवीडचा कापूस लावतो. एवढं ठाऊक असलेला चित्रकार त्याला चेरीच्या मोहोरात बसवणार नाही. या शहराला विषयांची वाण नाही. 101, हडसन स्ट्रीटच्या टोलेजंग इमारतीवर बहिरी ससाण्यांनी घरटं केलेलं आहे. 1976 साली खुल्या झालेल्या लिबर्टी स्टेट पार्कच्या कुंपणाआड, रेल्वे यार्डाच्या धातूंनी नासलेल्या जमिनीत ग्रे बर्चचं रान माजलं. जर्सी सिटीचं म्हणून एखादं झाड रंगवायचं, तर याहून हक्काचं कुठलं?

तीन इंचांच्या स्टिकरात एवढं सगळं कसं मावणार, हा आक्षेप ठरलेला. रॉजर टोरी पीटरसनने 1934 च्या पक्षीपुस्तकात लहानशा चित्रांवर बारीक खुणेच्या रेघा ओढून पक्षी ओळखायला शिकवलं. मोनार्कच्या मागच्या पंखावर एक आडवी काळी रेघ काढली की त्याचं व्हाइसरॉय हे त्याच्यासारखंच दिसणारं दुसरं फुलपाखरू होतं. रेघेला जागा किती लागते? दुसरा आक्षेप असा, की गोंडसपणामुळे मुलं निसर्गाकडे वळतात. ती वळतात दुसऱ्या स्टिकराकडे. मिल्कवीड कधी पाहिलंच नाही, तर अंगणात उगवलेलं ते झाड तण म्हणून उपटलं जाणार, आणि त्या मुलाच्या पाण्याच्या बाटलीवर मोनार्क मात्र चिकटलेला राहणार. सजावट म्हणून विका, कोणाची हरकत नाही. मग ‘स्थानिक’ हा शब्द पाटीवरून काढा. आणि घेणाऱ्यांनीही एवढं करावं: कोणी मोनार्क पुढे केला, तर त्याच्या अळीचं झाड कोणतं ते विचारावं, आणि उत्तर आलं नाही तर पैसे खिशातच ठेवावेत.